मिलोच्या भाकरीतली मूठभर कणीक

ये गं, अशी जवळ येऊन बस. उंबऱ्यापाशी पाहुण्यासारखी काय टेकतेस? आता म्हणशील, काकू, मी कुठं तुझ्या दारात आहे, मी तर माझ्या घरी. असू दे. मी तुला कागदावर बसवून घेते. कागदावरनं तरी तुला "निघते मी, गाडी चुकेल" म्हणून उठता येणार नाही.

आधी थोडी बोलणी खा. नातवाच्या बारशाला आलीस, बरं वाटलं. पण जेवणाच्या पंगतीला सगळी बसली नि तू पिशवीतनं तुझा स्टीलचा डबा काढलास. मी म्हटलं, "तुझ्यासाठी ज्वारीची भाकरी केलीय वेगळी." तर म्हणालीस, "राहू दे काकू, माझं मी आणलंय." आणि खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून चार घास खाल्लेस. पाणीसुद्धा तुझ्याच बाटलीतलं. सूनबाई मला हळूच विचारते, "आत्या, ताईंना आपल्या घरचं चालत नाही का?" मी म्हटलं, पथ्य आहे तिला. ती गेली भांडी घासायला. पण ती भाकरी टोपलीत तशीच राहिली की गं. संध्याकाळी मीच खाल्ली, लसणाच्या चटणीबरोबर.

रागावले नाही मी. तुझं बरोबरच होतं. पण का बरोबर होतं, ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तू सहा वर्षांची होतीस, तुला किती आठवत असेल कोण जाणे. म्हणून लिहायला घेतलंय. माझं शिक्षण दुसरीपर्यंतचं, त्यातलंही निम्मं विसरलेलं. पण लिहायला मला तुझ्यामुळंच पुन्हा यायला लागलं. तेही सांगते ओघात.

बहात्तरचा दुष्काळ. पाऊस सलग चुकलेला. आपल्या गावाकडं, करमाळ्याच्या अंगाला, विहिरींचे तळ दिसायला लागले होते. तुझे आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. कामावर सुकडी मिळायची. गव्हाचं पीठ भाजून त्यात गूळ नि तेल घातलेला तो भुगा. तुझी आई स्वतःच्या वाटची सुकडी पदरात बांधून आणायची आणि तुझ्या तोंडात घालायची. पोरीला गोड लागतं, पोरीच्या अंगी लागू दे म्हणून. पोर मात्र वाळत चाललेली.

कुर्डुवाडीवरनं गाडी धरून ती तुला घेऊन शहरात आमच्याकडं आली. तुला कडेवरनं उतरवलं तर तुझं पोट हे एवढं, आणि हातपाय म्हणजे काड्या. केस तांबूस झालेले. दिवसातनं सहा-सात वेळा परसाकडला, आणि ते असं की बघवत नव्हतं. तुझी आई मला म्हणाली, "आक्का, गावाकडं खायला काय न्हाय. हितं गिरणीचा पगार हाय, दवाखाना हाय. चार म्हैनं ठिवून घ्या. पोटाला घाला हिला."

मी म्हटलं, "ही काय सांगायची गोष्ट झाली? माझीच पोर ती."

पोटाला घाला. एवढंच तर मला येत होतं. तुझे काका सूतगिरणीत, आम्ही चाळीत दोन खोल्यांत. मला तेव्हा मूलबाळ नव्हतं. मी तुला काय काय घातलं म्हणून सांगू! दुधात कुस्करलेली चपाती. गव्हाची खीर. पाववाल्याच्या भट्टीतला ऊन ऊन पाव. चाळीतल्या बायका येता-जाता बघायच्या आणि म्हणायच्या, "दुष्काळाचं पोर दिसतंय. घाला हो, खायला घाला, महिन्यात बाळसं धरेल." स्वतःच्या पोरांसाठी आणलेली बिस्किटं तुझ्या हातावर ठेवायच्या. सगळं गाव भुकेलेलं, तेव्हा वाळलेल्या पोराकडं बघून भुकेशिवाय दुसरं कुणाच्या मनात काय येणार?

आणि मी जेवढं घालावं तेवढी तू खंगत चाललेली. महिन्यानं तुझा झगा तुझ्या खांद्यावर थांबेना. मी रोज खांदा वर सारायची, रोज तो खाली.

शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं. लहान मुलांचे डॉक्टर तिथं नवीनच आले होते, मुंबईला शिकून आलेले, अगदी पोरगेलेसे. मला वाटलं, ह्यांना स्वतःला मूल तरी आहे का? पण त्यांनी तुझं पोट दाबून बघितलं, पापणी उलटून बघितली आणि मला इतके प्रश्न विचारले की मी दमले. आजार कधी सुरू झाला? त्याआधी काय खात होती? त्याआधी म्हणजे ज्वारी, दुसरं काय असणार आमच्याकडं? आणि नंतर? नंतर सुकडी. मग इथं आल्यावर चपाती, पाव, खीर.

त्यांनी ते सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, "बाई, मला शंका आहे की हिच्या आतड्याला गहू सोसत नाही. पक्कं सांगायचं तर मुंबईला नेऊन तपासणी करावी लागेल. पण त्याआधी गहू बंद करून बघू. चपाती, पाव, बिस्कीट, रवा, मैदा, सगळं बंद. भाकरी चालेल, भात चालेल."

मी हसले. खरं सांगते, हसले. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, जग गव्हावर जगतंय. गव्हानं कुठं पोर मरतं?"

"ज्याला सोसत नाही त्याला मरायला वेळ लागत नाही," ते म्हणाले. मग माझं हसू तिथंच गेलं.

त्यांनी एक काम लावून दिलं. एक वही करायची आणि तुझ्या तोंडात जे जे जाईल ते रोज लिहायचं. मी म्हटलं, मला नीट लिहिता येत नाही. ते म्हणाले, "येईल तसं लिहा. मी वाचेन." तुझ्या काकांनी पाठकोरे कागद दाभणानं शिवून वही करून दिली. ते कामावरनं आले की मी अक्षर विचारायची. भाकरीतला भ मला आठवेना, तर तू हसलीस. पाटीवर तूच काढून दाखवलास. शाळेत जेमतेम गेलेली पोर तू, मला भ शिकवत होतीस.

पहिले पंधरा दिवस, गं बाई, काय सांगू. तुझ्या आईनं गावाकडनं पिशवीभर ज्वारी पाठवली होती, घरच्या कणगीच्या तळातली. तिची भाकरी आणि भात. सहा-सात वेळचं दोन वेळांवर आलं. तू स्वतःहून म्हणालीस, "काकू, भूक लागली." मी देवापुढं साखर ठेवली. डॉक्टरांनी वजन केलं, वाढलेलं. ते वही बघून म्हणाले, "छान लिहिता की तुम्ही." घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

मग ज्वारी संपली.

बाजारात ज्वारी मिळेना, मिळाली तर सोन्याच्या भावानं. रेशनवर मिलो. तुला मिलो माहीत नसेल. अमेरिकेतनं यायची ती, तांबडी, जाड सालाची ज्वारी. जनावरांना घालतात म्हणायचे तिकडं. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, ती ज्वारीच आहे, चालेल. पण त्या पिठाला चिकटपणा म्हणून नाही. भाकरी थापायला घेतली की कडा फुटायच्या, तव्यावर टाकताना दोन तुकडे. गावात जुनं पीठ झालं की आपण म्हणतो ना, पीठ विरी गेलं, तसं. ही तर जन्मतःच विरी गेलेली. गरम पाणी घालून बघितलं, उकड काढून बघितली. तुझ्या ताटात भुगा पडायचा. तू तो चिवडत बसायचीस आणि रडायचीस, "काकू, मला वाळू खाल्ल्यासारखं लागतं." दोन दिवस तू दुधाशिवाय काही घेतलं नाहीस.

तेव्हा मी ते केलं, जे चाळीतली प्रत्येक बाई करत होती. मिलोच्या पिठात मूठभर कणीक मिसळली. भाकरी गोल झाली, पापुद्रा सुटला, टम्म फुगली. तू एक अख्खी खाल्लीस. मला तर आनंदानं रडू आलं.

आता तू म्हणशील, काकू, तुला गहू बंद सांगितला होता ना? सांगितला होता की. पण माझ्या डोक्यात गहू म्हणजे चपाती. गहू म्हणजे पाव, खीर, ताटात वाढायची वस्तू. भाकरीत घातलेली मूठभर कणीक म्हणजे पीठ बांधायचं साधन. आमटीत हिंग घातला तर आज आम्ही हिंग जेवलो असं कुणी म्हणतं का? तसंच. वहीत मी लिहायची, "सकाळी भाकरी एक. दूध." खोटं नव्हतं लिहिलं. माझ्या लेखी ती भाकरीच होती.

आठ-दहा दिवसांत तुझं पोट पुन्हा बिघडलं.

डॉक्टर वही वाचायचे, पुन्हा पुन्हा पानं उलटायचे. "बाई, कुठून तरी गहू जातोय."

"नाही हो. माझ्या घरात हिच्या तोंडी गव्हाचा कण जात नाही. देवाशपथ."

"शेजारी कुणी देतं? देवळात प्रसाद? शाळेत काही वाटतात?"

झालं. त्या दिवसापासनं मला सगळं जग गव्हाचं दिसायला लागलं. देवळातला शिरा रव्याचा. मधे बरी झालीस तशी चाळीजवळच्या शाळेत जायला लागली होतीस, तिथं सुकडी वाटायचे, म्हणून तुझी शाळा बंद केली. शेजारच्या वहिनी, तेलुगू बोलणाऱ्या, जीवाला जीव देणाऱ्या बाई, चादरीच्या मागावर बसायच्या. त्यांनी एकदा तुला बिस्कीट दिलं होतं, बंदी घालायच्या आधी. मी त्यांच्याशी जाऊन भांडले. त्याही मला त्यांच्या भाषेत वहिनीच म्हणायच्या. म्हणाल्या, "वदिना, मी कशाला देऊ? मला माहीत नाही का?" मी म्हटलं, "मग कोण देतं?" त्यांनी दार लावून घेतलं. कितीतरी दिवस आमचं बोलणं नव्हतं.

तुला मी घराबाहेर सोडायचं बंद केलं. खाली पोरं लगोरी खेळायची आणि तू उंबऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बघत बसायचीस. गिरणीचा भोंगा झाला की विचारायचीस, "काका आले की मला खाली नेतील?" ते न्यायचे थोडा वेळ, कडेवर. चालायचं बळ राहिलं नव्हतं तुझ्यात.

आता जे सांगायचंय त्याच्यासाठी एवढा कागद खराब केला.

एका दुपारी माझा डोळा लागला. उठले तर तू नाहीस. जिना उतरून धावत गेले, तर तू पाववाल्याच्या भट्टीपुढं उभी. एवढं चालत कशी गेलीस कोण जाणे. भिंतीला टेकून, डोळे मिटून. मी तुझा हात धरून ओढलं, तोंड उघडायला लावलं, जिभेवर बोट फिरवून बघितलं.

"काय खाल्लंस?"

"काही नाही गं काकू."

"खोटं बोलू नकोस! कुणी दिला पाव?"

"नाही खाल्ला. मी नुसता वास घेतला."

आणि मी तुझ्या थोबाडीत मारली. काडीसारखी पोर, तू तिथंच खाली बसलीस. पाववाला भट्टीतनं ओरडला, "ओ बाई, वासासाठी बी मारताय व्हय पोरीला? मी कणभर न्हाय दिला, तिनं मागितला बी न्हाय." मी त्याचंही ऐकलं नाही. मला वाटलं, सगळे मिळून मला फसवतायत. घरी आणून तुला मूठभर कणकेची भाकरी दुधात कुस्करून भरवली. गालावर माझी बोटं उठलेली, आणि तू गपचूप खात होतीस.

चार दिवसांनी दवाखान्याचा वार होता. वजन अर्ध्या किलोनं उतरलेलं. डॉक्टर दुसऱ्या पोराकडं गेले, तोवर तुला भूक लागेल म्हणून मी डबा उघडला. तिथल्या सिस्टर, जाड भिंगाच्या, कडक तोंडाच्या, पण हसल्या की पोरं रडायची थांबायची. त्या डोकावल्या.

"अगं बाई, ही मिलोची भाकरी? एवढी गोल? कडा फुटलेल्या नाहीत कुठं!"

"व्हय की," मी म्हटलं. मला बरंच वाटलं. बऱ्याच दिवसांत कुणी माझ्या हाताला चांगलं म्हटलं नव्हतं.

"माझ्या भाकरीचा तर नकाशा होतो. परवा नवरा म्हणतो, आज कुठला जिल्हा वाढलास? काय घालता हो तुम्ही? मला पण सांगा."

"मूठभर कणीक मिसळायची, बाकी काही नाही."

पलीकडच्या टेबलापाशी डॉक्टर त्या दुसऱ्या पोराचं लिहीत होते. त्यांचं लिहिणं थांबलं. ते उठून आले, तुझ्या हातातला तुकडा काढून घेतला. ओढून नाही, अगदी हळू. म्हणाले, "बाई, ही कणीक म्हणजे गहूच ना?"

मी मान हलवली. सिस्टरचा चेहरा उतरला, जणू त्यांनीच काही केलं होतं. तू स्टुलावर बसलेली, तुझा हात अजून तुकडा धरल्यासारखाच होता. तू माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं, आता तू म्हणशील, मी सांगत होते ना. तू काहीच म्हणाली नाहीस. सहा वर्षांचं पोर, काहीच म्हणालं नाही. पुढं कितीतरी दिवस मला वाटायचं की बोलली असतीस तर बरं झालं असतं.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "मी विचारायला हवं होतं भाकरी कशी करता ते. सुचलंच नाही. आता मूठ नको नि चिमूटही नको. ज्या भांड्यात कणीक मळता तेसुद्धा वेगळं ठेवा."

त्या दिवशी घरी येऊन मी काटवट चुलीत घातली. भाकरी थापायची ती लाकडी परात, माझ्या आईनं लग्नात दिलेली. तिच्या चिरांत कणीक बसलेली, घासून निघेना. तुझे काका म्हणाले, "अगं, आईची आठवण ती." मी म्हटलं, जळू दे. तवा भाजून लाल केला. पिठाच्या गिरणीत तर सगळ्यांचा गहू एकाच दगडाखाली, म्हणून जातं आणलं, दगडाला टाकीनं खाचा पाडून घेतल्या नि मिलो घरीच दळायला बसले. किराणावाला बोलता बोलता म्हणाला, हिंगाच्या खड्यातसुद्धा कणकेचा अंश असतो. हिंग टाकून दिला. रेशन दुकानात गहू नि मिलो एकाच मापानं ओतायचे, म्हणून मिलो सुपात घेऊन दाणा दाणा निवडायची. रोज दहा-पंधरा गहू सापडायचे. सापडले ते बाजूला काढले. पण जे सापडले नाहीत त्यांचं मी काय करणार होते? दुपारभर त्या सुपावर वाकून बसायची आणि वाटायचं, मी कितीही बघितलं तरी एक दाणा माझ्या नजरेतनं निसटणार, आणि तो नेमका हिच्या पोटात जाणार. डॉक्टरांना विचारलं, "किती चालतो?" ते म्हणाले, "ते मला ठाऊक असतं तर सांगितलं असतं." त्यांनाही ठाऊक नव्हतं बघ. मग माझ्यासारखीनं काय करायचं?

भाकरी फुटतच राहिली. मी भुगा वाटीत घालून त्यावर ताक ओतायची, तू चमच्यानं खायचीस. वाळूसारखं लागतं असं पुन्हा कधी म्हणाली नाहीस. त्याचंही मला वाईट वाटायचं. हळूहळू तुझं पोट उतरलं. फार हळू. झगा एक दिवस खांद्यावर थांबला.

पाऊस पडल्यावर तुझी आई न्यायला आली. मी तिला सगळं सांगितलं, थप्पड सोडून. तेवढं सांगायचं धाडस झालं नाही. तिनं तुला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "आक्का, मी बी माजी सुकडी हिच्याच तोंडात घालत हुते की. तुमास्नी काय म्हणू? पर आता हिला हितं न्हाय ठिवत. माज्या डोळ्यासमूर ऱ्हाऊ दे." बरोबर होतं तिचं. मी तुझं गाठोडं बांधलं. एसटीत बसताना तू मला पाटी दाखवलीस, तिच्यावर भ काढलेला.

शेजारच्या वहिनींची मी नंतर माफी मागितली. पाववाल्याचीही मागितली, तो हसला. तुझी राहिली. तू सुट्टीला यायचीस, लग्न झालं, तुझी पोरं झाली, प्रत्येक वेळी मी मनात म्हणायची, आज सांगू. मग तुझ्या डब्याकडं बघून जीभ मागं जायची. तू खोटं बोलली नव्हतीस गं. तू नुसता वास घेतला होतास. आणि मी तुला मारलं, स्वतःच्या हातानं तुझ्या पोटात घालून वर तुलाच मारलं. एवढंच सांगायचं होतं.

आता ये. या दिवाळीची वाट बघू नकोस, त्याआधीच ये. मी नवीन काटवट आणलीय, तिला कणीक लागलेली नाही. तवा वेगळा ठेवलाय, खिळ्याला टांगून, सूनबाईला हात लावू देत नाही. ज्वारी आता मिळते चांगली. पण माझ्या घरात गव्हाचा कण नाही असं मी म्हणणार नाही. एकदा देवाशपथ म्हणून बसले होते. तू ये, स्वतः बघ, डबे उघडून बघ, मला हवे तेवढे प्रश्न विचार. पटलं तर मी थापते, तू समोर बस. नाही पटलं तर तुझा डबा घेऊन ये, माझी हरकत नाही. फक्त तो भिंतीकडं तोंड करून खाऊ नकोस. माझ्याकडं तोंड करून खा. लवकर ये.